व्हॅनच्या सहा खिडक्या

"अगं, ताणून धर की! असा झोळ ठिवला तर डास काय, घोरपड आत येईल," सारजाबाई व्हॅनच्या बाहेरून ओरडल्या. आत उभ्या मोहिनीने, त्यांच्या सुनेने, मच्छरदाणीचा तुकडा खिडकीच्या गजांवर ताणून धरला.

शाळेची पोरं वाहून खिळखिळी झालेली ही व्हॅन अंगदने हंगामात राहायला आणली ती बायकोच्या एका बोलण्यावरून. "तीन महिन्यांची लेक घिऊन मी कोपीत ऱ्हानार न्हाई. हिला पाजायलाबी आडोसा नसतो," असं मोहिनीने तोंडावर सांगितलं होतं. सारजाबाई सुनेच्या बाजूने उभ्या राहिल्या. ऊसतोडीचे तीस हंगाम त्यांनी कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत काढले होते. आंघोळ करायची तीही पहाटे, दोघी बायांनी धरलेल्या लुगड्याआड. ते सुनेच्या वाट्याला येऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. उद्या कारखान्यावर निघायचं होतं.

आठ दिवस त्यांनी दाभण खाली ठेवला नव्हता. जाळीला मच्छरदाणी, पडद्याला जुनी चादर आणि तिला खताच्या पोत्याचं अस्तर, म्हणजे आतली सावलीसुद्धा बाहेर दिसायला नको. मापं सगळी वितीने घेतलेली, पण शिवण अशी की कडा गावच्या शिंप्याने तोंडात बोट घालावं.

शेवटच्या पडद्याची नाडी गजाला बांधून त्यांनी विचारलं, "कावून गप्प गं? आवडलं न्हाई व्हय?"

"लई झाक झालंय, आत्याबाई. पन नाड्या समद्या बाहिरून हायत. मी आत आसल्यावर बांधायच्या कुनी? आन बाहिरून तर कुनीबी सोडंल."

सारजाबाईंचा हात गाठीवरच राहिला. कोपीचं दार बाहेरून बांधतात. पहाटे सगळे उसाच्या फडात गेले की कुत्रं शिरू नये म्हणून. दिवसा आत असतंच कोण? हात आपले सवयीने तसेच चालले होते. तीस वर्षांत आपण एकदाही आतून काही बांधून घेतलं नाही, हे त्यांना आज कळलं आणि फार वाईट वाटलं.

"ऱ्हाऊ दे आई, तितं गेल्यावर बगू," अंगद म्हणाला.

"तू बगतुयास! ब्लेड आन आदी."

ऊन कलेपर्यंत सहाही पडद्यांच्या नाड्या उसवून आतल्या बाजूने लागल्या. मोहिनी लेकीला घेऊन खाली उतरली. "आत्याबाई, आदी तुमी बसून बगा."

सारजाबाई आत चढल्या. दार ओढलं, एकेक नाडी बांधली. आत गार अंधार झाला. काय करावं ते त्यांना क्षणभर सुचेना. मग त्यांनी डोक्यावरचा पदर खाली घेतला, अंबाडा सोडला आणि पाय लांब करून बसल्या.

"आई, उगड की! भांडी ठिवायचीत," बाहेरून अंगदने दार वाजवलं.

"ठिवशील. थांब जरा," सारजाबाई म्हणाल्या आणि तशाच बसून राहिल्या.