डायल शून्यावर

माझ्या नवऱ्याच्या, एस्बेनच्या, संगीतप्रेमी मंडळात अकरा जण आहेत आणि त्यांचा तो ॲम्प्लिफायर पत्र्याच्या डब्यातून घरोघरी फिरतो. सगळ्यांनी मिळून घेतलेला, काडेपेटीहून थोडा मोठा, साडेचारशे क्रोनरचा. आमच्या गावात एवढ्यात दोघांचं बाहेरचं जेवणही धड होत नाही. आखूड वायरने फोनला जोडायचा, रबरबँडने फोनच्या पाठीला बांधायचा आणि त्यात इयरफोन खुपसून ऐकत बसायचं. एकाकडे सात दिवस, मग पुढच्याकडे. डब्यात एक वही असते. आला तेव्हा कसा होता, काय ऐकलं, आधी न ऐकलेलं काय ऐकू आलं, हे प्रत्येकाने लिहायचं. झाकणाच्या आत एकच नियम चिकटवलाय: पुढे देताना डायल शून्यावर, स्विच खाली.

नियमाला कारण आहे. फोनचा आवाज पूर्ण वर ठेवायचा आणि कमीजास्त करायचं ते ॲम्पच्या डायलवर, अशी ह्या लोकांची पद्धत. स्विच वर केला की जोर कितीतरी वाढतो. तो मोठ्या, जड हेडफोनसाठी. कानात खुपसायच्या नाजूक इयरफोनवर कोणी तसं लावलं तर कानात शिट्टी बसते, ती कधी कधी जातच नाही. मंडळातल्या एकाची अजून गेलेली नाही.

हे सगळं मला माहीत होतं. एस्बेननेच सांगितलं होतं, लग्नाआधी, जेव्हा तो मला असल्या गोष्टी सांगायचा.

वही मी रविवारी वाचली. तो आंघोळीला गेला होता, विगा माझ्या मांडीवर राय धान्याच्या काळ्या पावाचा तुकडा चोखत होती. एस्बेनच्या अक्षरात अर्धं पान भरलं होतं. विगा झाल्यापासून सात महिन्यांत माझ्याशी 'हं', 'बरं' आणि 'दूध संपलं का' ह्यापलीकडे फारसं न बोललेला माणूस, आणि अर्धं पान.

'सिसेल, तू मागच्या फेरीत लिहिलंस ते खरं निघालं. दुसऱ्या भागाच्या आधी चेलो वाजवणाऱ्या बाईचा श्वास ऐकू येतो. घाबरल्यासारखा. तीनदा ऐकला.'

मागची पानं उलटली. सिसेलचं अक्षर बारीक, तिरपं. 'एस्बेन, तुला नक्की ऐकू येईल. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही.'

बाकीच्यांचं. म्हणजे बाकीचे नऊ वेगळे आणि तो वेगळा.

सिसेलला मी दोनदा पाहिलं होतं. लोकांचे पियानो सुरात लावून देणं हा तिचा धंदा. आखूड केस, लांब मान, हसली की गळाभर हसते. मंडळाच्या उन्हाळी जेवणात ती एस्बेनशेजारी बसली होती आणि मी समोर, तेव्हा गरोदर, पोटावर बशी ठेवून.

"वहीत बरंच लिहिलंयस," तो बाहेर आला तेव्हा मी म्हटलं.

"हं."

"कुणाच्या तरी श्वासाबद्दल."

"ऐकू येतो गं, खरंच. तू पण ऐक ना एकदा."

"मी ऐकते की. रोज रात्री. दोघांचे."

तो हसला. त्याला ती गंमत वाटली.

विगा शेजारच्या खोलीत रडते तेव्हा हा माणूस कूस बदलतो. पंधरा पंधरा मिनिटं तिला खांद्यावर घेऊन मी फेऱ्या मारते, आणि ह्याला कोण कुठली बाई, कुठल्या स्टुडिओत, कधी काळी घाबरून श्वास घेते तो ऐकू येतो. तोही दुसऱ्या बाईने सांगितल्यावर.

बुधवारी जेवताना तो म्हणाला, "उद्या डबा सिसेलला द्यायचाय. मीच जाणार होतो, पण कारखान्यात खिडक्यांची मोठी ऑर्डर आहे. तू आयांच्या गटाला माइकेनकडे जाणारच आहेस ना? वाटेवरच आहे. पत्रपेटीत टाक, बसतो आत."

"बसतो हे कसं माहीत?"

"मागच्या वेळी मीच टाकला होता." मग, बटाट्याकडे बघत, "म्हणजे ती घरी नव्हती म्हणून."

घरी असती तर काय, हे मी विचारलं नाही. असले प्रश्न विचारून मिळालेलं उत्तर कितीही खरं असलं तरी पटत नाही.

गुरुवारी सकाळी विगाला नेहमीप्रमाणे बाळगाडीत घालून बाहेर, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली झोपवलं. बाहेर गार होतं, तिला तशी झोप छान लागते. मी डबा उघडला. ॲम्प माझ्या फोनला जोडला, एस्बेनचे इयरफोन घेतले, पण एकच कानात घातला. दुसरा कान विगासाठी मोकळा. सात महिन्यांत मी एकही गोष्ट दोन्ही कानांनी ऐकलेली नाही.

वहीत लिहिलेलं संगीत लावलं. फोन पूर्ण वर, डायल पाव. पहिला भाग संपला. शांतता. आणि मग तो श्वास आला. अगदी जवळ, कुणीतरी माझ्या खांद्याशी उभं असावं तसा. खरंच घाबरलेला.

तो नसता ऐकू आला तर बरं झालं असतं. सिसेलने नुसतं काहीतरी लाडीगोडीचं लिहिलं असतं तर मी त्याची टर उडवून मोकळी झाले असते. पण तिने खरी गोष्ट त्याच्या हातात ठेवली होती. माझ्याकडे त्याला द्यायला काय होतं? लंगोटांची यादी.

मी वायर काढली. स्विच वर सरकवला. डायल फिरवत फिरवत शेवटपर्यंत नेली, आणखी फिरेना तोपर्यंत. वही ठेवली, झाकण लावलं. लंगोटांची पिशवी भरावी तसं सगळं जागच्या जागी भरलं.

सिसेलचं घर बंदराच्या चढावर आहे. डबा पेटीत पडला तेव्हा टक्क असा आवाज झाला. मी गाडी ढकलत पुढे गेले.

माइकेनकडे आम्ही पाच जणी जमतो. बाळंतपणानंतर नगरपालिकेच्या नर्सने जुळवून दिलेला आयांचा गट. पाच बाळगाड्या अंगणात ओळीने, पाच जणी आत. माइकेनने दालचिनीचे गोड पाव ठेवले होते.

"ग्री, तू आज गप्प का?" तिने विचारलं. "एस्बेन झोपू देत नाही, की विगा?"

"एस्बेनचं नाव कशाला घेतेस," दुसरी म्हणाली, "आमच्याकडच्याला तर रात्री बाळ उठतं हेही माहीत नाही."

सगळ्या हसल्या. तेवढ्यात माइकेनच्या हातून ताट निसटलं आणि फरशीवर आपटलं. अंगणातल्या पाचपैकी तीन गाड्यांतून एकदम रडं फुटलं. मी विगाला उचललं. तिचं अंग ताठ झालं होतं, मुठी वळलेल्या. एका ताटाने. आणि मी एका माणसाच्या कानाच्या पडद्यावर काय ठेवून आले होते? तेही अशा बाईच्या, जी कानांवर पोट भरते.

"मला जायला हवं," मी म्हटलं.

"अगं, कॉफी तरी पी."

चढ मी जवळजवळ पळतच चढले. विगा हेलकाव्यांनी पुन्हा झोपली. पेटी रिकामी होती. गाडी फाटकाशी लावली, ब्रेक दोनदा तपासला आणि पायऱ्या चढून घंटा वाजवली.

सिसेलने दार उघडलं. तिच्या गळ्यात इयरफोनची वायर लोंबत होती.

"ग्री ना? एस्बेनची?"

"लावलास का?" मी विचारलं. "ॲम्प. कानाला लावलास का?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मी आधी डायल बघते. नेहमीच. ह्या धंद्यात ती सवय लागतेच." मग म्हणाली, "नवल वाटलं. एस्बेन असं कधी ठेवत नाही. त्यालाच फोन करणार होते."

"नको करूस. मी ठेवलं तसं."

"चुकून लागलं असेल. लहान मूल असलं की..."

सुटायला तिने दार उघडून दिलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"चुकून नाही," मी म्हटलं.

तिचा एक हात नकळत कानाकडे गेला आणि तिने तो खाली घेतला. तेव्हा मला पहिल्यांदा लाज वाटली.

"का?" तिने विचारलं.

"वहीत तू त्याला लिहितेस म्हणून. आणि तो तुला लिहितो म्हणून."

"वही अकरा जण वाचतात गं."

"बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही, असं तूच लिहिलंयस."

तिचे गाल लाल झाले. तिने खोटं बोलायचं ठरवलं असतं तर मला तिचा तिरस्कार करणं सोपं गेलं असतं. पण ती म्हणाली, "तो मला आवडतो. थोडासा. त्याला माहीत नाही आणि मी सांगणारही नाही. पण तू विचारलंस, म्हणून."

"मी विचारलं नव्हतं."

"विचारायलाच आली होतीस."

मग ती आत गेली आणि वही, पेन घेऊन आली. "आला तेव्हा कसा होता, हे लिहावंच लागतं. मी 'डायल पूर्ण, स्विच वर' एवढं लिहिलं तर सगळे एस्बेनला बेपर्वा समजतील. फेरीतून काढतील कदाचित. मी लिहू की तू लिहितेस?"

मी वही चौकटीला टेकवून लिहिलं: 'डायल पूर्ण, स्विच वर. एस्बेनने नव्हे, मी ठेवलं. मुद्दाम. ग्री.' अकरा जण वाचतील. त्यातल्या चौघांना तर मी ओळखतही नाही.

सिसेलने ते वाचलं, वही मिटली. "इयरफोन लावले असते तर मी तुला माफ केलं नसतं," ती म्हणाली. "अजूनही केलंय असं नाही." आणि मग मान जरा तिरकी करून, "जा, तुझी मुलगी उठली."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. खाली उतरून पाहिलं तर विगा डोळे उघडे टाकून पडली होती, न रडता, मूठ चोखत. तेवढा चुक् चुक् आवाज. तोही सिसेलने माझ्या आधी ऐकला, दारातून. मला पुन्हा तिचा हेवा वाटला, सकाळइतकाच, जराही कमी नाही.

चढ उतरून मी बाकावर बसले. विगाला मांडीवर घेतलं आणि एस्बेनला फोन लावला. मागे करवतीचा आवाज होता.

"काय गं? विगा बरी आहे ना?"

"बरी आहे. मला काहीतरी सांगायचंय. तू ते वहीत वाचायच्या आधी."

करवत चालूच होती. "संध्याकाळी सांगितलंस तर नाही चालणार?"

"नाही."

तो कुणाला तरी हाक मारून काही म्हणाला, पावलं वाजली, एक दार उघडलं आणि मागे बंद झालं. करवत गेली.

"बोल," तो म्हणाला. "आता ऐकू येतंय."