गाडीत खोट नव्हती

गॅरेजात तिला सगळे पानाताई म्हणत. पाना हातात नसलेली पानाताई दाखवा आणि बक्षीस घेऊन जा, असं मालक गिऱ्हाइकांना गमतीनं सांगायचे. जुनी गाडी घ्यायची झाली की लोक आधी तिच्याकडे यायचे, मग गाडीकडे जायचे. रंगाखाली दडवलेली दुखणी ती चुटकीसरशी बाहेर काढायची. पण त्या रविवारी सकाळी, दातांच्या डॉक्टरबाईंच्या अंगणात उभी असताना, ती मनातल्या मनात एकच मागणं मागत होती: या गाडीत काहीतरी मोठी खोट निघू दे.

गाडी हवी होती तिच्या बाबांना. अडतीस वर्षं त्यांनी बस चालवली होती. बसच्या वेगाला कंपनीनंच वेसण घातलेली, काटा साठच्या पुढे गेला की इंजिन मान टाकायचं. निवृत्त झाल्यावर वर्षभर ते गप्प राहिले आणि एक दिवस जेवताना म्हणाले, "जन्मभर पन्नास माणसं पाठीशी घेऊन हळू गेलो. आता एकदा एकट्यानं जोरात जायचंय."

"म्हातारपणी हे काय नवीन थेर?" आई म्हणाली. पण ते ऐकण्यातले नव्हते.

पानाताईचा जीव टांगणीला लागला होता तो वेगळ्याच कारणानं. गेल्या काही महिन्यांत बाबांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला सारखा आपटत होता. डाव्या हाताशी ठेवलेला पेला दोनदा कलंडला होता. तिची स्वतःची गाडी त्यांनी एकदाच नेली, तर डावा आरसा खरचटून आणला. "डोळे दाखवू या का?" असं तिनं विचारलं, तेव्हा "चष्मा आत्ताच तर बदललाय" म्हणून त्यांनी विषय संपवला. ज्या माणसानं आपल्याला गाडी शिकवली त्याला 'तुम्हाला नीट दिसत नाही' हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा गाडीच नापास झाली तर बरं.

डॉक्टरबाई सत्तरीच्या होत्या. लोकांच्या तोंडात वाकून वाकून त्यांच्या कंबरेनं संप पुकारला होता. "आत बसता येतं, बाहेर पडताना मात्र दोन माणसं लागतात," त्या हसून म्हणाल्या. "नाहीतर विकली नसती हो."

काळी, बुटकी, जमिनीला चिकटलेली गाडी. बाबा तिच्याभोवती हात मागे बांधून फिरत होते.

पानाताईनं आधी बॉनेटवर तळहात ठेवला. थंडगार. विकणारा आधीच इंजिन तापवून ठेवतो तेव्हा सकाळचा खोकला लपवायचा असतो, पण इथे लपवाछपवी नव्हती. तिनं बाबांना चावी फिरवायला सांगितली आणि स्वतः सायलेन्सरपाशी उकिडवी बसली. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. निळा नाही, पांढरा नाही, काहीच नाही. ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं, तर तिथे पाणी मिसळल्याचा मलईसारखा थरही नव्हता. बॉनेटच्या नटांवरचा रंग शाबूत होता, त्यांना कधी पानाच लागलेला नव्हता. दारांच्या फटी सगळीकडे सारख्या, म्हणजे गाडी कधी ठोकलेली नव्हती. सीटचे पट्टे तिनं शेवटापर्यंत ओढून हुंगले, कारण पुरात बुडालेल्या गाडीचा वास पट्टे वर्षानुवर्षं सोडत नाहीत. नुसता कापडाचा वास आला.

अशा गाड्या लोक शर्यतीच्या मैदानावर पिळून काढतात आणि मग धुऊनपुसून विकतात. म्हणून ती गाडीखाली शिरली. ब्रेकच्या चकत्या तापून निळ्या पडल्या नव्हत्या. चारही टायर एकाच जातीचे, सारखे झिजलेले. शेवटी तिनं आपलं यंत्र जोडून पाहिलं, कुणी ताकद वाढवायला इंजिनाच्या डोक्यात, म्हणजे त्याच्या संगणकात, नसते उद्योग केलेत का. तेही नाही.

"काय म्हणते?" बाबांनी विचारलं.

"बघतेय अजून."

"दातांच्या डॉक्टरची गाडी ती, किडणार कुठून!" बाबा म्हणाले. डॉक्टरबाई खळखळून हसल्या. पानाताईला हसू फुटेना. प्रत्येक चांगली खूण तिच्या पायाखालची वाळू थोडी थोडी सरकवत होती.

चक्कर मारायला बाबा चालवायला बसले, ती त्यांच्या डावीकडे. अंगण सोडताच तिला कळलं की हात अजून तेच आहेत. गिअर लोण्यासारखे पडत होते. मोकळ्या रस्त्यावर त्यांनी पाय दाबला, गाडीनं दोघांना मागे रेटलं आणि बाबा लहान मुलासारखे "ओहो!" म्हणाले. त्यांना असं खूश झालेलं तिनं कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, आपलाच संशय खुळा.

पुढे वस्तीजवळ त्यांनी वेग कमी केला. रस्त्याच्या डाव्या कडेनं एक रंगारी सायकलवरून चालला होता, हँडलला रंगाचा डबा अडकवलेला. चांगला उजेड होता, रस्ता सरळ होता. गाडी त्याच्याकडे सरकत गेली. बाबा शांतपणे समोर बघत होते.

"बाबा, उजवीकडे! उजवीकडे घ्या!"

तिनंच स्टिअरिंगला हात घालून ओढलं. आरसा डब्याला घासून गेला. मागून डबा आपटल्याचा आवाज आणि एक शिवी आली.

"काय झालं? कोण ओरडलं?" बाबांनी विचारलं.

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ कुतूहल होतं.

गाडी थांबताच ती धावत मागे गेली. रंगारी एक पाय टेकवून उभा होता, त्याला लागलं नव्हतं. रस्त्यावर पांढरा रंग पसरत होता. "काका झोपलेत की काय?" तो म्हणाला. तिनं हात जोडले, रंगाची भरपाई दिली, पुन्हा हात जोडले. मग ती गाडीकडे परत आली.

"आता मी चालवते," ती म्हणाली. "क्लच बघायचाय."

बाबांनी काही न विचारता जागा दिली.

अंगणात डॉक्टरबाई वाट बघत होत्या. "मग? ठरलं ना?"

"नाही," पानाताई म्हणाली. "गाडी धडकलेली आहे. चेसिस वाकलीय."

बाईंचा चेहरा पडला. "शक्यच नाही. पहिल्या दिवसापासून ही माझ्याकडे आहे. कुठे वाकलीय, मला दाखवा."

इतक्या वर्षांत कधी न घडलेलं घडलं. पानाताईला बोट ठेवायला जागा नव्हती.

"बाई, तुमची गाडी सोन्यासारखी आहे," बाबा म्हणाले. "ही खोटं बोलतेय. हिला ते जमत नाही, म्हणून लगेच कळतं." मग ते तिच्याकडे वळले. "कोण होता तो?"

"सायकलवाला."

"किती जवळ?"

तिनं वीतभर अंतर दाखवलं. बाबांना तो हात नीट बघायला मान वळवावी लागली आणि ते तिघांच्याही लक्षात आलं.

"मला तो दिसलाच नाही गं," ते म्हणाले. "धूसर नाही, अंधुक नाही. तो नव्हताच तिथे."

डॉक्टरबाईंनी हलकेच विचारलं, "डोळ्यांचा दाब तपासलाय कधी?" आणि उत्तराची वाट न बघता ओळखीच्या नेत्रतज्ज्ञांना फोन लावला.

दोन दिवसांनी बाबा एका यंत्रात हनुवटी टेकवून बसले. आत कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. पानाताई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बटणाचा आवाज ऐकत होती. टक, टक. मग बराच वेळ काहीच नाही. त्या शांततेत किती ठिपके चमकून गेले असतील याचा हिशेब तिला करवेना. बाबा मात्र पाठ ताठ ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे, मन लावून बघत होते.

"काचबिंदू आहे," नेत्रतज्ज्ञ म्हणाले. कागदावर डाव्या डोळ्याचा मधला टिचभर भाग सोडून बाकी सगळं आणि उजव्या डोळ्याची डावी बाजू काळी झाली होती. "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायला थेंब देतो. गाडी मात्र बंद."

"काहीतरी करता येत असेल ना?" पानाताईनं विचारलं. "ऑपरेशन? काही बदलून?"

"आतली नसच सुकलीय. ती बदलता येत नाही."

सुटा भाग मिळत नाही असं ती कितीतरी गिऱ्हाइकांना सांगत आली होती. ऐकणाऱ्याला काय वाटतं ते आज कळलं.

घरी बाबांनी आपला परवाना आईच्या हाती दिला. आईनं तो कपाटात ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन कारण नसताना भांडी घासायला घेतली.

"गाडी घेऊ या," पानाताई म्हणाली. "मी चालवते, तुम्ही शेजारी बसा. लांब जाऊ, जोरात जाऊ."

"शेजारी बसायला बस आहे," बाबा म्हणाले. चिडून नाही, नुसतंच म्हणाले.

आठवडाभरानं कळलं की डॉक्टरबाईंची गाडी कुणीतरी नेली. बाबांनी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. रोज सकाळी ती त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायची. इंजिनाच्या खोल कपारीतला नट आंधळेपणानं बसवणारा तिचा हात तिथे मात्र चुकायचा आणि निम्मे थेंब गालावरून ओघळायचे.

थेंब घालून झाले की बाबा फिरायला निघायचे. सोबत कुणी आलेलं त्यांना खपायचं नाही. एका सकाळी ती खिडकीत उभी राहून बघत होती. समोरून, बाबांच्या डाव्या हाताच्या कडेनं, त्यांचा जुना कंडक्टर आला. वीस वर्षं एकाच बसवर काढलेला माणूस. त्यानं लांबूनच हसून हात वर केला. बाबा सरळ बघत त्याच्या अंगावरून पुढे निघून गेले. कंडक्टरचा हात तसाच वर राहिला. वळून तो बघत राहिला, आपलं काय चुकलं ते त्याला कळत नव्हतं.

पानाताईनं हाक मारायला तोंड उघडलं. पण हाक कुणाला मारायची, याला की त्यांना, आणि सांगायचं काय, हेच तिला सुचेना.