टायगरचे कान

टायगरने पुन्हा मान झटकायला सुरुवात केली, तेव्हा सारिकाने हातातला खराटा आदळला. कान उचलून पाहायची गरजच नव्हती. आंबलेल्या पेजेसारखा वास अंगणभर पसरला होता.

शेणवे गावातल्या कुठल्या कुत्र्याला कानाचं दुखणं झालेलं कुणी ऐकलं नव्हतं. इथल्या कुत्र्यांचे कान उभे, वारा खेळता. टायगर मात्र सापगावकडच्या एका फार्महाउसचा. मुंबईच्या मालकाने जागा विकली आणि जाताना हे कुत्रं तिथल्या वॉचमनच्या, म्हणजे सारिकाच्या सासऱ्याच्या, गळ्यात घातलं. नाव टायगर, आणि कान असे लोंबते की पेजेत तोंड घातलं की आधी तेच भिजत. औषधपाण्याचं काम सुनेकडे आलं, कारण घरात दुसरं कुणी ते करणार नव्हतं.

शहापूरचा जनावरांचा डॉक्टरही तिला कंटाळला होता. "अहो, लोंबत्या कानात हवा जात नाही. पाणी गेलं की आत ओलं राहतं आणि सडतं. मी औषध देतो आणि तुम्ही पाणी घालता! डोहात सोडू नका. भिजलाच, तर कान वर धरून आतून कोरडे करा. आणि मान झटकायचा थांबला म्हणून थेंब बंद करू नका, सांगितले तितके दिवस घाला."

तिने हे घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. सासूने, गुणाबाईने, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी लसूण घातलेलं कोमट खोबरेल कुत्र्याच्या कानात ओतलं. शेजारची जिवली करंजाचं तेल घेऊन आली. सारिकाने दोघींशी भांडण काढलं, तेलाच्या बाटल्या माळ्यावर टाकल्या, थेंब नेमाने घातले. कान बरे झाले, आणि पुन्हा वाहायला लागले.

"आता बास," नवरा अनंता मुरबाडच्या कंपनीतून येऊन नाक दाबत म्हणाला. "म्हशाच्या गुरांच्या जत्रेला नेतो आनि देतो कुनाला तरी. माज्यानं हा वास सोसवत नाय." जत्रा तोंडावर आली होती, आणि अनंता बोलला की करणारा माणूस होता.

सारिकाला कुत्र्याचा भारी लळा होता असं नाही. पण इतके दिवस त्याचं डोकं मांडीत धरून ते घाण कान पुसल्यावर त्याला कुणाच्याही हवाली करायचं, हे तिला पटत नव्हतं.

तिने सासऱ्याला, चांगोला, गाठलं. "मामा, तुमी याला डोहावर नेता का?"

"नाय गो," चांगो म्हणाला. "दवानं भिजला असंल."

"दुपारचं दव?"

चांगो जाळ्याच्या गाठी चाचपत बसला. ताकास तूर लागू देईना.

दुसऱ्या दिवशी म्हातारा आणि टायगर निघाले तशी सारिका मागोमाग डोहावर गेली. करवंदीच्या जाळीआडून पाहते तर टायगर मधोमध पोहत होता. म्हातारा काठावरून ओरडत होता, "आन रं, आन!" सारिकाचं डोकंच फिरलं. घरात सगळ्यांच्या नाकी नऊ आलेत आणि या वयात यांचे हे खेळ!

ती तरातरा पुढे गेली आणि थबकली. टायगरच्या तोंडात प्लास्टिकची बाटली होती, जाळ्याची खूण म्हणून पाण्यावर तरंगत ठेवलेली, आणि तिला जाळ्याची दोरी बांधली होती. तो काठाला आला, चांगोच्या पायाशी उभा राहिला. चांगोने हात पुढे केला तो कुत्र्याच्या डाव्या बाजूला, नुसत्या हवेत. टायगरने मान वळवून दोरी त्याच्या हातात दिली.

"मामा," ती म्हणाली, "बाटली दिसत नाय तुमाला?"

चांगो दचकला. मग हळू आवाजात म्हणाला, "पान्याची चकाकी दिसती. बाटली नाय. अनंताला नको सांगू, पोरी. घरी बसवंल मला. मासळी नाय आनली, तर मी घरात कशाला हाय?"

सारिकाला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. राग त्याच्या लपवण्याचा, आणि स्वतःचाही. ताटातल्या मासळीचे काटे वेचून दे म्हणून हा माणूस कधीपासून सांगत होता, आणि ती त्याला लाड समजत होती.

"त्याचे कान, तुमचे डोळे, आनि ताप माझ्या डोक्याला!" ती कडाडली. "त्याला म्हशाला नेला असता, म्हंजे तुमचे डोळेच नेले असते. मग? तरी गप बसला असता?"

तिने त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि कुत्र्याला उन्हात बसवलं. टायगरने अंग झटकून तिचं तोंड भिजवलं. तिने त्याला चांगलीच शिवी हासडली आणि एक कान वर धरून पुसायला घेतला.

"सोमवारी शहापूरला जायचंय."

"परत याला घेऊन?"

"याला नाय. तुमाला. सरकारी दवाखान्यात डोळे दाखवाया. अनंताला मी बघते. आनि तवर डोहावर मी येनार, टॉवेल घेऊन."

चांगोने मदतीला हात पुढे केला. तो पुन्हा चुकला, टायगरच्या मानेवरून घसरला. सारिकाने तो हात मनगटाशी धरला आणि दुसऱ्या भिजक्या कानावर नेऊन ठेवला.

"हितं," ती म्हणाली. "वर धरा. सोडू नका."