रेषेबाहेरची ताडपत्री

मित्रांनो, मी ताडपत्री. एके काळी पूर्ण निळी होते, आता अधूनमधून निळी आहे. माझ्या चार कोपऱ्यांपैकी तीन कोपऱ्यांतल्या कड्या शाबूत आहेत. चौथी कुठे गेली ते मैत्रेयी नावाच्या चार वर्षांच्या मुलीला विचारा. माझ्याकडे बघून कोणी 'वा' म्हणत नाही, आणि म्हणावं अशी माझी अपेक्षाही नाही. पण जे बघितलं ते सांगायचंय. गोड करून सांगायची मला सवय नाही, हे आधीच सांगून ठेवते.

कारखान्यात प्लॅस्टिकच्या पट्ट्या विणून, वरून गरम थर चढवून मला बनवलं. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतं ते कानडी मुलखातलं यशवंतपूरचं मार्केट. तिथल्या भगवंतराव नावाच्या कांद्याच्या व्यापाऱ्याने मला घेतलं आणि सहा वर्षं पोत्यांवर टाकलं. ऊन माझ्यावर, पाऊस माझ्यावर, लॉरीतून उड्या मारणारे हमालही माझ्यावर. कांदे कोरडे राहिले की भगवंतराव म्हणायचे, "यंदा माल चांगला निघाला." माझं नाव कोणी घेतलं नाही. जो झाकून धरतो त्याचं कौतुक होत नसतं, हे मी तिथेच शिकले.

मग मला दोन भोकं पडली आणि मी गोदामात गेले. दीड वर्ष उंदरांनी माझ्यात संसार केला. एक दिवस भगवंतरावांचा पुतण्या योगीराज आला. मल्लेश्वरमचा मुलगा. घर तिथे इतकं जुनं की त्यांची मराठी अर्धी कानडीच्या चालीवर चालते. "काका, ही अशीच पडलीये की. मला द्या की," म्हणाला, आणि मला स्कूटरवर घालून घेऊन गेला. मला वाटलं, आता गॅरेज. पोचले मैदानावर.

तिथला खेळ मी कधी ऐकलाही नव्हता. अल्टिमेट फ्रिसबी. ताटलीएवढी प्लॅस्टिकची चकती असते, तिला सगळे डिस्क म्हणतात. सातजण विरुद्ध सातजण. डिस्क हातात असताना पळायचं नाही, आपल्या माणसाकडे फेकायची. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्यापैकी कोणी झेलली की गोल. खाली पडली की दुसऱ्यांची. आमचा संघ मिश्र. कधी चार पुरुष आणि तीन बायका आत, कधी चार बायका आणि तीन पुरुष. बाई कमी पडली म्हणून तिच्या जागी पुरुष घुसवता येत नाही. मग सहाजणांनी खेळायचं आणि मार खायचा.

आणि या खेळात पंच नसतो. खरंच नसतो. ज्याला धक्का लागला त्याने स्वतः 'फाऊल' म्हणायचं. खेळ जागच्या जागी थांबतो. ज्याने धक्का दिला त्याने 'मान्य' म्हणायचं, नाहीतर 'नाही' म्हणून वाद घालायचा. बहुतेक वेळा लोक खरं बोलतात. मी कांदा मार्केटातून आलेली, मला महिनाभर हे नाटक वाटलं. नंतर पटलं.

मला मैदानाच्या रेषेबाहेर अंथरायचे. आधी माझ्यावर पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि घामट मोजे असायचे. मग मैत्रेयी आली. तिची आई वासंती आणि बाबा ध्रुव, दोघंही संघात. दोघं नागपूरचे, दोघं महादेवपुऱ्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. तान्ही मुलगी घेऊन वासंती पहिल्यांदा सरावाला आली, तेव्हा कॅप्टन योगीराजने सगळ्यांना गोळा केलं आणि नियमच जाहीर केला. "जो बाहेर असेल त्याने नंबराप्रमाणे ताडपत्रीवर बसायचं, बाळ बघायचं. ही आपल्या टीमची मुलगी. सरी, ठीक?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यावर बूट घालून उभं राहूनच वाजवल्या.

नियम दोन रविवार चालला.

मग काय झालं ते ऐका. वासंती आत गेली की बाहेर असलेली दुसरी बाई मुकाट माझ्यावर येऊन बसायची. पुरुष बाहेर आले की पाणी प्यायचे आणि रेषेवर उभं राहून ओरडायचे, "डावीकडे! डावीकडे!" ध्रुवसुद्धा. ही माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. ती मैत्रेयीला उंच उडवायची, तिचे गाल ओढायची, तिच्याबरोबर फोटो काढायची. आणि ती रडली की तिला उचलून वासंतीच्या हातात आणून द्यायची, जशी कोणाची हरवलेली छत्री परत करावी.

मैदानात कोपर लागलं तर 'माझी चूक' म्हणणारी ही माणसं. ताडपत्रीपाशी एकाचंही तोंड उघडत नव्हतं.

यंदा वासंतीला दुसरं मूल झालं, मुलगा, अद्वैत. त्याच्या पाचव्या महिन्यात ती परत आली. सकाळी सहाच्या सरावाला यायचं म्हणून ती पाचच्या आधी उठायची. दोन डबे, पेज, कपड्यांचे तीन जोड, आणि वर स्वतःचे बूट. बघायला येणारे लोक तिला हमखास विचारायचे, "मुलांना कोण बघतं?" ध्रुवला विचारायचे, "गुडघा कसा आहे?"

मी ताडपत्री आहे, मला दात नाहीत. असते तर चावले असते.

आता त्या रविवारचं सांगते. अद्वैत तोवर रांगायला लागला होता. जिंकणारा संघ राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होता. मधल्या सुट्टीत वासंती माझ्यावर बसून अद्वैतला पाजत होती. योगीराज घाम पुसत आला.

"अक्का, एक सांगू? राष्ट्रीयला जायचं झालं तर मुलं आणू नको हं. स्वल्प लक्ष लागायला पाहिजे खेळात."

"आणि ध्रुवने आणली तर?"

"आता ते तुम्ही दोघं ठरवा की."

वासंती हसली. योगीराजला वाटलं, मामला मिटला. तो गेल्यावर तिने एका हाताने फोन काढला आणि संघाच्या ग्रुपवर लिहिलं, 'आजची मॅच माझी शेवटची. पुढे मला धरू नका.' तेवढ्यात अद्वैतने फोनला हात मारला. फोन पालथा माझ्यावर पडला, म्हणून मी वाचलं. पाठवायचं राहिलं होतं. तिने फोन उचलला, पाठवायचा तो बाण बघितला आणि न पाठवताच पिशवीत टाकला. मॅच संपल्यावर पाठवणार होती. मला तिच्या बसण्यावरून कळलं. माणूस निघायचं ठरवतो तेव्हा हलका बसतो.

मॅच बारा-बारा अशी बरोबरीत आली. वेळ संपली. आता जो पुढचा गोल करेल तो जिंकला. आणि या गोलाला चार बायका लागणार होत्या. आमच्याकडे पाच होत्या, पण एकीचा घोटा सुजला होता आणि तिला बर्फ लावायला पलीकडे नेलं होतं. म्हणजे वासंतीला उतरावंच लागणार होतं. अद्वैत तिच्या मानेला चिकटलेला. तीन पुरुष बाहेर मोकळे, त्यातले दोघं केळी खात होते.

योगीराजने शिल्लक राहिलेला एक टाइमआउट घेतला. "दयानंद, बाळ घे रे!"

त्या केळीवाल्यांतल्या दयानंदने दोन्ही हात लांब करून अद्वैतला धरलं, जसं गळकं पातेलं धरतात. अद्वैतने मैदान डोक्यावर घेतलं. "अक्का, हा मला बघूनच रडतो," म्हणत त्याने बाळ परत दिलं. त्याला प्रयत्न म्हणायचं असेल तर म्हणा.

"अक्का, लवकर! खाली ठेव की त्याला!"

"ठेवू? कांद्याचं पोतं आहे काय हे?"

"तसं नाही गं, वेळ जातोय..."

वासंती उठली नाही. माझ्यावर मांडी घालून बसल्या बसल्या ती मोठ्याने म्हणाली, "फाऊल."

सगळे थबकले. समोरच्या संघातली चंदनासुद्धा वळून बघायला लागली. मैदानाबाहेर आजवर कोणी फाऊल दिला नव्हता.

"कोणावर?" योगीराजने विचारलं.

"तुझ्यावर. बाहेर बसायचा नियम कोणी केला? तू. चार वर्षांत तू किती वेळा बसलास इथे?"

"अक्का, ही वेळ आहे का हे काढायची?"

"दुसरी वेळ कुठली आहे? सरावात बोलले तर म्हणतोस मॅचनंतर. मॅचनंतर तुम्ही सगळे डोसे खायला जाता. आज मी आत नसले तर तुम्ही सहाजण. आता बोल. मान्य, की वाद घालतोस?"

ध्रुव पुढे आला. "वासंती, मी बसतो. मी बाहेर राहतो."

"काहून? इतकी वर्षं आठवलं नाही ते आज आठवलं? तू आत चल. डिस्क कोण टाकणार मला? तुझ्याशी घरी बोलते." मग ती परत योगीराजकडे वळली. "हा बसेल."

"मी? अगं मी कॅप्टन आहे!"

"म्हणूनच."

मला त्या मुलाचे पाय दिसत होते. बुटाची टाच दोनदा वर झाली, दोनदा खाली आली. तो रागावला होता, आणि वर सगळे बघत होते. पण खेळ कुठला होता ते विसरू नका. या खेळात समोरच्याने फाऊल म्हटलं की छातीवर हात ठेवून उत्तर द्यावं लागतं.

"मान्य," योगीराज म्हणाला. दयानंदला त्याने आपल्या जागी आत पाठवलं आणि माझ्यावर बसला. वासंतीने अद्वैतला त्याच्या मांडीवर ठेवलं, बुटाची नाडी ओढली आणि गेली.

आता त्या पॉइंटचं, म्हणजे त्या शेवटच्या गोलापर्यंतच्या खेळाचं, वर्णन माझ्याकडून मागू नका. योगीराजला तरी कुठे दिसला? अद्वैत ठो ठो रडत होता. त्याला खांद्यावर घेतलं तर त्याने दाढी धरली. खाली ठेवलं तर तो गुडघ्यांवर रांगत मैदानाकडे सुटला. योगीराज त्याच्या पायाला धरून मागे ओढतोय, पाठ खेळाकडे. शेवटी माझ्यावर चित्र रंगवत बसलेल्या मैत्रेयीला त्याने विचारलं, "मैत्रेयी, बघ ना, काय चाललंय?"

"आई पळतेय."

"डिस्क कोणाकडे?"

"त्या अक्काकडे." म्हणजे चंदनाकडे.

"अरे देवा. मग?"

"आई पडली."

"पडली? डिस्क पडली की आई पडली?"

"दोघी." मग तिने रंगाचा खडू शोधला. "आता आपली आहे. बाबाकडे आहे."

"मग? मग? सांग की!"

"तुझ्या चड्डीवर अद्वैतने शू केली."

केली होती. योगीराजने खालीसुद्धा बघितलं नाही. "ते राहू दे गं! बाबाने टाकली का?"

"लांब टाकली. आईने घेतली!"

मैदानात आरोळी झाली. योगीराज बाळासकट अर्धा उठला. आणि आरोळी मधेच बंद पडली.

"काय झालं?"

"आई हाताने नाही नाही करतेय."

योगीराज परत खाली बसला. "पाय पट्ट्याच्या रेषेच्या अलीकडे पडला असेल," तो म्हणाला. "स्वतःच सांगितलं असेल. सांगणारच ती." आणि मित्रांनो, इतक्या गडबडीत तो हसला. पोट हलेपर्यंत हसला. त्या हलण्याने की कशाने, अद्वैतचं रडणं थांबलं.

"आता आईने हळूच टाकली," मैत्रेयी म्हणाली. "बाबाने पकडली. संपलं."

या वेळची आरोळी थांबली नाही.

मला एवढंच माहीत आहे की त्या सबंध पॉइंटात वासंतीची एकही हाक ताडपत्रीकडे आली नाही. एरवी ती पळता पळता ओरडायची, "टोपी घाल त्याला!" "पाणी दिलं का?" त्या दिवशी काही नाही. गोलानंतरही ती धावत आली नाही. समोरच्या सगळ्यांच्या हातावर हात मारले. चंदना म्हणाली, "सूपर अक्का, मी तर गोल धरूनच चालले होते." दोघी गवतात पाय पसरून बसल्या. वासंतीने अख्खी बाटली पाणी प्यायली, सावकाश, बसून. मी तिला बसून पाणी पिताना पहिल्यांदा बघितलं.

बऱ्याच वेळाने ती आली. अद्वैत योगीराजच्या छातीवर झोपला होता. योगीराजच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण तो हलत नव्हता.

"दे," वासंती म्हणाली.

"राहू दे, आत्ता झोपलाय." मग तो हळू म्हणाला, "अक्का, मी कायच बघितलं नाही गं. आख्खा पॉइंट गेला."

"हं," वासंती म्हणाली. "जातो."

त्याने अद्वैतची टोपी नीट केली. बरं केलं.

ध्रुव येऊन उकिडवा बसला. "इतकं होतं तर मला आधी का नाही बोललीस?"

"बोलले होते. तू डावीकडे ओरडत होतास." ती माझ्यावर आडवी झाली, लांबच लांब, हात डोक्यावर ताणून. मग फोन काढून तो मजकूर एकेक अक्षर पुसला आणि असा श्वास सोडला की माझी कडा हलली. मी सहा वर्षं पोती पेलली, पण कोणाचं ओझं उतरताना असं जवळून कधी जाणवलं नव्हतं.

राष्ट्रीय स्पर्धेला मीही गेले, मुलंही गेली. तिथे दयानंद बाळाला छातीशी धरायला शिकला. ध्रुव स्वतःचा नंबर विसरतो अजून, पण आता त्याला आठवण मैत्रेयी करून देते, आणि ती सोडत नाही.

मित्रांनो, मला जपा. ओली गुंडाळू नका, मग मला वास मारतो आणि तो तुमच्याच नाकात जातो. भोक पडलं तर ठिगळ लावा. पण हे सगळं नाही केलंत तरी मी चालेन. एक मात्र करा. मोठे झालात, खेळायला लागलात, आणि कोणाचं मूल माझ्यावर रडायला लागलं, तर त्याच्या आईला शोधत पळू नका. बूट काढा आणि खाली बसा. मी बारा फूट लांब आणि नऊ फूट रुंद आहे. जागा नव्हती असं मला कोणी सांगू नये.