पोकळ पोटाचा पहिला उजेड

मित्रांनो, पोटात काहीही नसणं हेच ज्याचं मोठेपण, असा मी एक जुना पोलादी डबा आहे. थळच्या भंगारात गंजत पडलो होतो. तिथून संशोधक दिपालीताईंनी मला उचललं आणि कारागीर अनंतादादांच्या लेथवर चढवलं. मला एक्स-किरणांचा दिवा व्हायचं होतं! दादांनी मला आतून असं घासलं, की माझा मलाच हेवा वाटला.

मग मी चौलच्या वाडीतल्या ताईंच्या प्रयोगशाळेत आलो. आकाशात जाणारं एक उपकरण तिथे फक्त तीन दिवसांसाठी येणार होतं. माझ्या किरणांनी त्याची परीक्षा व्हायची होती, नाहीतर ते न तपासताच आकाशात गेलं असतं. माझे हे मऊ, म्हणजे कमी शक्तीचे, किरण मोठे नाजूक, चार बोटं हवेतसुद्धा विरून जातात. म्हणून पंपाने माझ्या पोटातली सगळी हवा उपसायची होती.

उपकरण आलं, पंप सुरू झाला, पण हवेचा दाब दाखवणारा काटा काही खाली उतरेना. पहिला दिवस वाया गेला. ताईंचं जेवणावरून लक्ष उडालं आणि माझा जीव टांगणीला लागला. शेवटी त्यांनी झाकण उघडलं. आत तेलात कालवलेल्या कुंकवाचं सुबक स्वस्तिक होतं! तेलाची वाफ पोकळी होऊच देत नव्हती.

"खंडेनवमीला मीच काढलंय," अनंतादादा म्हणाले. "बाहेर हात लागून पुसलं असतं. म्हटलं, काम आत हाय, तर आशीर्वादपण आतच पायजे."

ताई रागावणार असं मला वाटलं. त्यांनी फक्त हातमोजे पुढे केले. दादांनी खाली मान घालून स्वतःच ते कुंकू पुसलं, मला स्पिरिटने धुतलं आणि उरलीसुरली वाफ निघून जावी म्हणून गरम पट्ट्या गुंडाळून दुसरा अख्खा दिवस तापवलं.

तिसऱ्या दिवशी काटा सरसर उतरला! माझ्या पोटातली तार लाल झाली, तिच्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर आदळले, तिथून निघालेले किरण उपकरणाने टिपले आणि संगणकाच्या पडद्यावर नेमक्या जागी एक उंच सुळका उभा राहिला.

"दिसलं त्याला?" दादांनी उपकरणाकडे बघत हळूच विचारलं.

"दिसलं, दादा."

दादांनी डोळे पुसले. मी तर आनंदाने वेडा झालो होतो.

आता स्वस्तिक माझ्या झाकणावर बाहेरून आहे आणि पुसू नये म्हणून ताईंनी त्यावर चिकटपट्टी लावली आहे. मित्रांनो, यंत्रांवर माया जरूर करा, पण आधी त्यांना काय सोसतं ते विचारा. ते उपकरण लवकरच उडेल, दूरचे तारे बघेल. पण त्याने पहिला उजेड पाहिला तो माझा.