राणी बरी होते ते प्रकरण

उपासना बेळगावच्या एका शाळेत मराठी शिकवायची. मुलांसाठी तिनं लिहिलेली पहिली कादंबरी मे महिन्यात छापून आली, तेव्हा पहिली प्रत तिनं निपाणीला जाऊन भावाच्या मुलीला, ऋतिकाला दिली. ऋतिका दहा वर्षांची. दोन दिवसांत तिनं पुस्तक संपवलं. त्यातल्या राणीला भिंतींतून आवाज ऐकू येत. राजवैद्य हात टेकतात. मग राजकन्या सात डोंगर ओलांडून निळं फूल आणते, आईचा हात धरून बसते, आणि तिच्या मायेनं राणी बरी होते.

ती राणी म्हणजे आपली मंगलवहिनी, हे उपासनानं कुणाला सांगितलं नव्हतं. मंगलला आठ वर्षांपासून आवाज ऐकू यायचे. गोळ्या चालू असल्या की ती स्वयंपाक करायची, शेजारणींशी बोलायची. पण गोळ्यांनी हात थरथरायचे, म्हणून तिला त्या नकोशा. तिचा नवरा प्रेमानंद बँकेतून उशिरा यायचा. आईला गोळ्या द्यायचं काम ऋतिकाकडं होतं.

जूनच्या शेवटी प्रेमानंदचा फोन आला. "उपा, मंगल दुपारपास्नं घरात न्हाय."

ती दुसऱ्या दिवशी संकेश्वरजवळ हायवेच्या कडेला सापडली. अनवाणी चालत गेली होती. तळपाय सोलून निघाले होते. बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"बंद कुठं? पोरगी रोज देत्या की," प्रेमानंद म्हणाला.

बाहेर बाकावर ऋतिका आत्याशेजारी बसली होती. ती म्हणाली, "आत्या, मी गोळ्या दिल्याच न्हाईत."

"का गं?"

"नुसता हात धरून बसत हुतो. आईपण म्हणाली, बरं वाटतंय. पुस्तकात राणी तशीच बरी झाली की." तिनं बाहीनं नाक पुसलं. "माझं प्रेम कमी पडलं व्हय?"

"न्हाई गं बाळा. त्या आजाराला औषध लागतंय. पुस्तकात मी खोटं लिवलं."

"खोटं कशाला लिवलंस?"

खरं तर उपासनालाही आठ वर्षं तेच हवं होतं. एका सकाळी वहिनी उठावी आणि सगळं संपलेलं असावं. पण "चुकलं माझं," एवढंच ती म्हणाली. प्रेमानंदला तिनंच सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पोरीला कुणी कायबी बोलायचं न्हाय."

मंगल दीड महिन्यानं घरी आली. पण पोरगी पाण्यात काहीतरी कालवते, असं आवाजांनी तिच्या मनात भरवलं होतं. ऋतिकाच्या हातचं ती काहीच घेईना.

शेवट बदलायचा म्हटल्यावर प्रकाशक म्हणाला, पुढच्या आवृत्तीत बघू. तरी उपासनानं शेवटचं प्रकरण नव्यानं लिहिलं. आता राणी रोज कडू काढा पिते. आवाज कधी येतात, कधी येत नाहीत. राजकन्येला कुणी डोंगरावर पाठवत नाही.

रविवारी निपाणीला जाऊन तिनं ते ऋतिकाला वाचून दाखवलं. ऋतिकानं शेवटपर्यंत ऐकलं.

"मग राणी राजकन्येच्या हातचं जेवत्या का?"

ते उपासनानं लिहिलंच नव्हतं. "अजून न्हाई," ती म्हणाली.

ऋतिका उठून आत गेली. आईसाठी ताटात भाकरी आणि आमटी वाढली आणि ते ताट वडलांच्या हातात दिलं.

"तुमी न्या, आप्पा."