नळीतलं दूध

शीलानं वर्तमानपत्राची एक पट्टी मशीनच्या दारात धरली, दार लावलं आणि पट्टी ओढली. ती सहज सुटली नाही, म्हणजे दाराचं रबर घट्ट होतं. तिनं चारही बाजूंनी तेच केलं, खालच्या कोपऱ्यात दोनदा. मग मशीन भिंतीपासून पुढं ओढून मागची जाळी ब्रशनं झाडली, पंख्याचं पातं बोटानं फिरवून पाहिलं आणि शेवटी पिशवीतला स्वतःचा थर्मामीटर काढून त्याची सळई दुधाच्या डब्यात सोडली. मशीनवर चारचा आकडा होता. थर्मामीटरही चारच दाखवत होता.

तिनं तोटीखाली चमचा धरला, दूध घेतलं, जिभेवर ठेवलं आणि बेसिनमध्ये थुंकलं. दूध आंबलं होतं.

"मशीन ठीक आहे," ती म्हणाली.

"मग दूध कशानं बिघडतंय?" वैदेही सावरगावकरांनी विचारलं.

गारखेड्यातलं हे मुलींचं वसतिगृह वैदेहीताई चालवत. नव्वद मुली, निम्म्या स्पर्धा परीक्षेच्या, सगळ्यांना वेळी-अवेळी थंड दूध लागायचं. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी हे मशीन घेतलं होतं. आत वीस लिटरचा स्टीलचा डबा, डब्याच्या तळाला नळी, बाहेर तोटी. दांडी दाबली की पेला भरायचा. पहिला आठवडा बरा गेला होता. त्यानंतर एक दिवसाआड दुपारनंतर दूध आंबूस लागू लागलं, चहात घातलं की फाटू लागलं. ही तिसरी तक्रार होती.

वैदेहीताई आवाज चढवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, की उद्याचा दिवस त्या वाट पाहतील. दोष मशीनमध्ये असेल तर मशीन परत जाईल. नसेल, तर मग दोष स्वयंपाकघरात आहे आणि त्यांना माणूस बदलावं लागेल. हे त्या स्वयंपाकघरातच उभ्या राहून बोलल्या. ओट्याशी स्वयंपाकाच्या राजाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला नाही, फक्त मान थोडी आणखी खाली गेली.

शीलानं पिशवी भरली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला येते म्हणाली.

शीला देवकते चार वर्षं दुधाची आणि आइस्क्रीमची मशीनं बसवत होती. आयटीआयला रेफ्रिजरेशनच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. सोयगावच्या शाळेपासून पाचोडच्या चौकापर्यंत तिनं बासष्ट मशीनं उभी केली होती, हे त्रेसष्टावं. नव्वद किलोचं धूड टेम्पोतून कसं उतरवायचं, उन्हाळ्यात बेचाळीस अंशांवर त्याला श्वास घ्यायला मागं किती जागा सोडायची, हे तिला पुस्तकापेक्षा बरं ठाऊक होतं. तिनं बसवलेलं एकही मशीन आजवर परत गेलं नव्हतं. कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयात तसं म्हणायचेही, आणि ते आपल्या कानावर येतं हे तिला आवडायचं. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची बसवणी आणि देखभाल एकाच माणसाकडे द्यायची, असं या महिन्यात ठरायचं होतं. यादीत तिचं नाव वर होतं. आठ जिल्ह्यांचं काम एका बाईकडे, तेही मेंढरांमागं फिरलेल्या कडूबा देवकत्याच्या पोरीकडे. बाप अजून पैठण तालुक्यात चाळीस मेंढरं राखून होता आणि ही बातमी ऐकायला फोन कानापासून दूर ठेवत नव्हता.

सकाळी तिनं ओट्यापासून दोन हात अंतरावर स्टूल ठेवलं आणि राजाबाईंना सांगितलं, "मावशी, रोज करता तसंच करा. मी इथं नाहीच असं समजा."

"एवढी मोठी बाई समोर बसल्यावर नाय कसं समजू?" राजाबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कुनीकडची गं तू?"

शीलानं गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं.

"म्हंजी आपल्यातलीच की. मला वाटलं मशीनवाली बाई पुन्याची आसंल."

त्यानंतर राजाबाईंचा हात सैल झाला. त्यांनी दूध उकळलं, पातेलं पाण्याच्या टाक्यात ठेवून निववलं, करंगळी बुडवून पाहिली. दूध अजून कोमट होतं. पार गार होऊ द्यायला हवं, असं शीला म्हणाली, तेव्हा त्या म्हणाल्या, की सात वाजता पोरी पेले घेऊन रांगेत उभ्या राहतात, पार गार व्हायची वाट कोण बघतं. शीलानं वहीत नोंद केली. कोमट दूध गार करायला मशीनला चार तास लागले असते. चालण्यासारखं होतं. नुसत्या उकळलेल्या दुधाला तेवढ्यानं काही होत नाही.

डबा राजाबाईंनी गरम पाण्यानं तीनदा धुतला. डब्याच्या तळाचं, नळी बसते ते तोंड ब्रशनं साफ केलं. धुतलेली दुसरी नळी जोडून नवं दूध ओतलं. शीलानं इतकी नेटकी धुलाई मोठ्या हॉटेलातही पाहिली नव्हती. मग राजाबाईंनी बाजूला काढून ठेवलेली कालची नळी उचलली, तिचा चिमटा सोडला आणि टोक वाटीवर धरलं. रात्रभर नळीत अडकलेलं दूध वाटीत उतरलं. अर्धी वाटी भरली असेल. राजाबाईंनी नळी झटकून शेवटचा थेंबही वाटीत घेतला आणि वाटी नव्या दुधात रिकामी केली.

शीला उठली. तिनं वाटीच्या तळाला राहिलेलं दूध बोटानं चाटून पाहिलं आणि वाटी खाली ठेवली.

"मावशी, हे रोज करता?"

"रोज. एक दिवस चुकलं नाय," राजाबाई अभिमानानं म्हणाल्या.

नळीचं टोक थंडाव्याच्या बाहेर असतं. तिथलं दूध रात्रभर स्वयंपाकघराच्या उकाड्यात राहायचं आणि सकाळी कोमट दुधात जायचं. घरोघर दही असंच लावतात. राजाबाई वीस दिवस वीस लिटर दुधाला विरजण लावत होत्या; पहिला आठवडाभर ते मुरत गेलं, मग दूध आंबू लागलं.

शीलानं हे त्यांना सांगितलं. सांगताना आवाज खाली ठेवला, कारण वरच्या मजल्यावर दारं उघडू लागली होती. राजाबाईंनी सगळं ऐकलं. डब्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"कुणी सांगितलं होतं परत ओतायला?" शीलानं विचारलं.

"सांगितलं कुनी नाय. तुम्हीच केलं." एवढा वेळ 'तू' म्हणणाऱ्या राजाबाई आता 'तुम्ही'वर आल्या होत्या. "मशीन बसवलं त्या दिशी. नळी सोडून दावली, दूध वाटीत घेतलं, आन् वाटी डब्यात वतली."

"मी सूचनांचं कार्ड वाचून दाखवलं होतं. नळीतलं दूध टाकून द्या, असं मोठ्यानं वाचलं होतं."

"वाचलं की. आन् वाचता वाचताच वतलं. म्या म्हनलं, बाई वाचती पुन्याचं आन् करती आपलं."

शीला पुन्हा स्टुलावर बसली. तिला तो दिवस आठवत होता. टेम्पो, पायऱ्या, भिंतीवर चिकटवलेलं कार्ड, जमलेल्या मुली, सगळं आठवत होतं. वाटी आठवत नव्हती. तिनं उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या घरी शेळीचं दूध काढल्यावर आई चरवीला चिकटलेला फेससुद्धा बोटानं निपटून घ्यायची. दूध मोरीत गेलं तर जनावराच्या कासेला लागतं, असं तिनं चालायला लागल्यापासून ऐकलं होतं. त्या दिवशी नळीतलं दूध दहा मिनिटांपूर्वीचं, ताजं होतं. ते डब्यात गेल्यानं कुणाचं काही बिघडलं नसतं. म्हणून तर हातानं विचारलं नव्हतं.

डब्यातलं दूध दोघींनी मिळून काढून टोपात घेतलं. राजाबाई म्हणाल्या, आजच्या दुधाचं पनीर होईल, पोरींना भाजी होईल. मग त्यांनी एक धुतलेलं पातेलं पुन्हा धुवायला घेतलं.

साडेसातला वैदेहीताई आल्या. शीलानं तपासणीचा फॉर्म ओट्यावर पसरला होता. कारणाच्या रकान्यात तीन चौकोन होते: यंत्रातील दोष, वापरातील चूक, बसवणीतील चूक. वैदेहीताईंनी चष्मा लावला.

"मशीन की स्वयंपाकघर?"

पातेलं धुण्याचा आवाज थांबला.

दुसऱ्या चौकोनात खूण केली असती तर ती खोटी ठरली नसती. चूक वापरतानाच होत होती. कार्ड भिंतीवर होतं, त्यावर शीलाच्या बाजूनं सगळं छापलेलं होतं. तिनं पेनाचं टोपण काढलं, तिसऱ्या चौकोनात खूण केली आणि खाली सुवाच्य अक्षरांत लिहिलं: 'बसवतेवेळी प्रात्यक्षिकात नळीतील दूध पुन्हा डब्यात ओतून दाखवले. वापरणाऱ्यांनी दाखवल्याप्रमाणे केले.' त्याखाली पूर्ण नाव, शीला कडूबा देवकते, आणि तारीख.

वैदेहीताईंनी ते दोनदा वाचलं.

"यात राजाबाईंचं काहीच नाही?"

"मी दाखवलं ते त्यांनी तंतोतंत केलं. वीस दिवसांत एकदाही चुकल्या नाहीत. इतकं नीट कुणी करत नाही, मॅडम."

"तुम्ही लिहिलं नसतंत तर मला कळलंही नसतं."

"मशीन मी बसवलंय," शीला म्हणाली.

वैदेहीताईंनी सही केली आणि फॉर्मची प्रत घडी न घालता फाइलमध्ये ठेवली. जाता जाता राजाबाईंना म्हणाल्या, की पनीरची भाजी जरा तिखट करा, मुलींना आवडते.

मग शीलानं नळीचा धडा पहिल्यापासून दिला. नळी पुन्हा जोडली, डब्यात थोडं ताजं दूध घालून पेलाभर काढलं, नळी सोडली, दूध वाटीत घेतलं आणि वाटी बेसिनवर नेली. तिथं तिचा हात क्षणभर थांबला. राजाबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

"बघा मावशी. न बघता कसं शिकाल?"

राजाबाईंनी पाहिलं. शीलानं वाटी ओतली आणि वरून पाणी सोडलं.

"मांजराला घातलं तर चालंल का?" राजाबाईंनी विचारलं.

"डब्यात सोडून कुठंबी घाला."

"मग लवकर सांगायचं की. मोरीत कशाला वतून दावती?" राजाबाई पुन्हा 'तू'वर आल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शीला परत आली, तोटीतून दूध घेतलं, त्याचा चहा करवून प्याली. चहा चांगला झाला होता. बाहेर येऊन स्कूटरला किल्ली लावते न लावते तोच पुण्याहून हिमांशूचा फोन आला. तो देखभाल विभागाचा प्रमुख होता, शीलाचं नाव यादीत वर त्यानंच घातलं होतं. त्यानं फॉर्म पाहिला होता. तिसऱ्या चौकोनातली खूण चुकून झाली असेल, म्हणाला. अहवाल त्यानं अजून वर पाठवला नव्हता. वापरातील चूक असं केलं तर कुणाला हरकत असायचं कारण नव्हतं, ग्राहकाची तक्रार तशीही मिटली होती. आठ जिल्ह्यांचा निर्णय सोमवारी होणार, हे तो दोनदा बोलला.

"चुकून नाही झाली, सर."

हिमांशूनं विचारलं, "शीलाताई, तुम्ही बाकी ठिकाणीही असंच दाखवलंय का?"

शीलानं किल्ली काढून घेतली. हा प्रश्न तिला कालपासून झोपू देत नव्हता.

"दाखवलं असणार. हात तोच आहे."

"पण तिकडून तक्रार नाही ना एकही."

"तिकडं पिशवीतलं गार दूध घालतात, म्हणून निभावलंय. एखाद्या दिवशी कुणी कोमट घालेल." तिनं किल्ली पिशवीत टाकली. "मी उद्यापासून फिरते, सर. बासष्टही ठिकाणी. सुट्टी मांडा नाहीतर काम मांडा, तुम्ही ठरवा. आणि फॉर्म आहे तसाच पाठवा."

बाजाराच्या दिवशी ती पाचोडला उतरली. चौकातल्या सोमनाथच्या दुकानात तिनं बसवलेलं मशीन दोन वर्षं चालू होतं. सोमनाथनं मशीन पुसून लख्ख ठेवलं होतं, वर हार घातला होता. समोर गिऱ्हाइकांची दाटी. गर्दीतून हत्यारांची पिशवी घेऊन येणारी शीला दिसली तसा त्याचा चेहरा उतरला. गिऱ्हाइकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यानं सांगून टाकलं, की मशीन झकास आहे, दोन वर्षांत एक दिवस बंद नाही, पाचोडात असं दूध दुसरीकडं मिळायचं नाही. मग वाकून हळू आवाजात म्हणाला, "ताई, आमची तर काही तक्रार नाय. कुनी केली?"

शीलानं पिशवी फळीवर ठेवली आणि बाह्या वर सारल्या.

"मीच केलीय," ती म्हणाली. "एक वाटी दे."